मुक्काम पोस्ट पाणी

चिल्वा सरोवरात दोन तास वल्हं मारलं
की पाणकणसाच्या दाटीवर बांधलेली झोपडी लागते.
लागते म्हणजे, असली तर.
रात्री वारा फिरला असेल
तर हाका मारत शोधावी लागते.

मी बँकेचा एजंट.
जवळ एक हिरवी छत्री, एक यंत्र,
प्लास्टिकात गुंडाळलेले अठरा फॉर्म
आणि होडीवाल्याची उधारी.

नाव: फालेसी नाखुम्वा.
वय? "तळं आटलं त्या साली रांगत होते."
कितव्यांदा आटलं ते मी विचारलं नाही.
धंदा समोरच वाळत होता,
चटईभर माटेम्बा, करंगळीएवढे,
लांबून चांदी, जवळून वास.
कायमचा पत्ता?

ती हसली. "कालचा सांगू की आजचा?"

मी पेन दातांत धरलं.
पाय जरा दाबला तर जमीन दबली,
चपलेत गार पाणी आलं.
झोम्ब्याच्या ऑफिसात ज्यानं हा रकाना आखला
त्याच्या खुर्चीखाली फरशी असणार.

लोक म्हणतात, पैसे बुडाले.
हिचे खरोखर बुडाले होते.
दुधाच्या पावडरीचा डबा, आढ्याला टांगलेला,
वादळात दोरी तुटली.
"बुडताना बुडबुडे आले," ती म्हणाली,
"मी मोजले. आणखी काय मोजणार?"

पहिला फॉर्म परत आला. लाल शाईत: पत्ता अपूर्ण.
दुसऱ्यावर मी लिहिलं, कचुलू बंदरासमोर, पाण्यात.
तोही आला. या वेळी शाई जास्त होती.

तिसऱ्या खेपेला बंदरावर आबिटी सैदी भेटली.
तिच्या खाटेखाली एक पेटी असते,
तीन कुलपांची, तीन बायकांकडे तीन किल्ल्या.
एक किल्ली आबिटीच्या कमरेला,
एक मेरिफाच्या गळ्यात,
तिसरी फालेसीकडे, पाण्यावर.
वारा उलटा असला की पेटी उघडत नाही,
मग कुणाची फी राहते, कुणाचं औषध,
आणि सगळ्या मिळून वाऱ्याला शिव्या घालतात.

"लिही पेटीचा पत्ता," आबिटी म्हणाली.
"ती कुठं जात नाही.
बाई हलते, पण तिचा पैसा
सात वर्षं माझ्या खाटेखाली राहतोय.
कायमचं म्हणजे याहून काय?"

मी लिहिलं. खाली तीन अंगठे.
फालेसीचा यंत्रानं चार वेळा नाकारला,
खवले काढून काढून रेषाच उरल्या नव्हत्या.
पाचव्यांदा तिनं अंगठा केसांवर घासला,
यंत्रावर टेकवला, आणि दिवा हिरवा झाला.
काचेवर एक खवला राहिला.
तो मी पुसला नाही.

पाचशे क्वाचा भरले. पावती दिली.
पावती उलटीसुलटी करून तिनं विचारलं,
"आता ते कुठं आहेत?"
बँकेत.
"बँकेत म्हणजे नेमके कुठं? पेटीत?"
म्हटलं, ब्लांटायरला. म्हणजे मशिनमध्ये.
म्हणजे, एका जागी असे नाहीत,
फिरत असतात.

ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली.
"मग पत्ता मलाच का विचारला?"

होडीवाला खोकला.
मी छत्री मिटली.

आता तिच्याकडे एक जुना फोन आहे,
रेंज फक्त कचुलूच्या टेकडीची.
म्वेरा वारा सुटून झोपडी तिकडं सरकली
की शिलकीचे तीन मेसेज एकदम येतात,
ती पोराकडून वाचून घेते,
आणि लगेच पेटीच्या किल्लीलाही हात लावून बघते.

परवा गेलो तेव्हा पाणी काचेसारखं पडलं होतं.
फोन चुलीजवळ उपडा.
किती झाले, विचारलं.
"वारा पडलाय," ती मासे उलटत म्हणाली,
"आज काही कळायचं नाही."